तीनशे सहासष्टावा दिवस

३१ डिसेंबर २००८ या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या ‘झून ३०’ या म्युझिक प्लेयरने एकाएकी मान टाकली. बटण दाबलं की पडद्यावर लोगो यायचा आणि प्लेयर तिथेच गोठायचा. ३० जीबीचं ते मॉडेल जिथे जिथे होतं तिथे तिथे त्याच दिवशी हाच प्रकार. झूनची नंतरची मॉडेलं मात्र सुरळीत वाजत होती. कंपनीने सांगितलेला उपाय असा : बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला, ग्रिनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून गेल्यावर, प्लेयर चार्ज करून सुरू करा. लोकांनी तसं केलं आणि प्लेयर सुरू झाले. मधल्या वेळात कुणी काहीही दुरुस्त केलं नव्हतं. फक्त तारीख पुढे सरकली होती.

घोळ घड्याळाच्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये होता. हा ड्रायव्हर १ जानेवारी १९८० पासून आजवर किती दिवस झाले ते मोजायचा आणि त्यावरून आजचं वर्ष काढायचा. प्रोग्रॅममधला तो तुकडा मराठीत मांडला तर असा होईल :

१. वर्ष १९८० धरा.
२. हातातले दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर पुढचं काम पुन्हा पुन्हा करा :
(अ) वर्ष लीप असेल, तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का ते पाहा. असतील तर ३६६ वजा करा आणि वर्ष एकाने वाढवा.
(आ) वर्ष लीप नसेल, तर ३६५ वजा करा आणि वर्ष एकाने वाढवा.
३. हातात उरले तेवढे त्या वर्षाचे दिवस.

वाचताना काही खटकत नाही. आता ३१ डिसेंबर २००८ चं गणित करून बघा. एकेक वर्ष वजा होत आपण २००८ पर्यंत येतो, तेव्हा हातात बरोबर ३६६ दिवस उरलेले असतात. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून पायरी दोनमध्ये शिरायचं. वर्ष लीप आहे. दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत, बरोबर ३६६ आहेत. म्हणून काहीच वजा करायचं नाही. पुन्हा पायरी दोनची सुरुवात : ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त... प्लेयर दिवसभर हाच प्रश्न स्वतःला विचारत बसला होता.

झून ३० बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. त्यानंतरचं पहिलं लीप वर्ष २००८ आणि त्या वर्षाचा ३६६वा दिवस ३१ डिसेंबर. म्हणजे हा दोष दोन वर्षं लोकांच्या खिशात फिरत होता.

‘मग त्यांनी टेस्टिंग केलं नव्हतं का?’ हा यावरचा पहिला प्रश्न. तो विचारायला सोपा आणि निरुपयोगी आहे. विचारायचा प्रश्न असा, की हजारो तारखांपैकी नेमक्या कोणत्या तारखा तपासायच्या हे कसं ठरवायचं? सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पायाभूत परीक्षेचा अभ्यासक्रम म्हणजे बहुतांशी या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

परीक्षेची रूपरेषा

ही परीक्षा ‘इंटरनॅशनल सॉफ्टवेअर टेस्टिंग क्वालिफिकेशन्स बोर्ड’ म्हणजे आयएसटीक्यूबी या संस्थेच्या नावाने ओळखली जाते. संस्था २००२ मध्ये एडिंबरा इथे स्थापन झाली. भारतात तिचं काम ‘इंडियन टेस्टिंग बोर्ड’ पाहतं. सर्टिफाइड टेस्टर फाउंडेशन लेव्हल ही तिची पहिली पायरी. अभ्यासक्रमाची ४.० ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. पेपरला ४० बहुपर्यायी प्रश्न, ६० मिनिटं आणि पास व्हायला ६५ टक्के, म्हणजे २६ गुण. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल, तर पाव वेळ जास्त मिळतो, म्हणजे ७५ मिनिटं.

सहा प्रकरणांतून येणारे प्रश्न असे वाटलेले असतात : मूलतत्त्वं ८, विकासप्रक्रियेतलं टेस्टिंग ६, स्टॅटिक टेस्टिंग ४, टेस्ट तयार करण्याची तंत्रं ११, व्यवस्थापन ९ आणि टूल्स २. अर्ध्याहून जास्त प्रश्न समज तपासणारे असतात आणि आठ प्रश्नांत प्रत्यक्ष आकडेमोड किंवा तंत्राचा वापर करावा लागतो. व्याख्या घोकून जाणारे उमेदवार याच आठ प्रश्नांत अडतात.

चूक, दोष आणि बिघाड

माणूस चूक करतो. त्या चुकीमुळे प्रोग्रॅममध्ये, किंवा गरजांच्या कागदात, दोष शिरतो. तो दोष असलेला भाग चालला आणि परिस्थिती जुळून आली, की बिघाड दिसतो. झूनच्या बाबतीत ‘बरोबर ३६६’ या शक्यतेचा विचार राहून गेला ही चूक; पायरी दोनमधली सुटलेली वाट हा दोष; आणि ३१ डिसेंबरला गोठलेला पडदा हा बिघाड. परीक्षेत एक छोटी गोष्ट देऊन ‘यातला दोष कोणता?’ असं विचारतात. तेव्हा ही साखळी कागदावर लिहून काढावी.

साखळीतली मधली कडी फसवी आहे. दोष असूनही बिघाड दिसेलच असं नाही. उलट बिघाड दिसला म्हणजे प्रोग्रॅममध्येच दोष आहे असंही नाही. विजेचा दाब, किरणोत्सर्ग किंवा चुंबकीय क्षेत्र यांमुळेही उपकरण बिघडतं. आणि साखळीच्याही मागे मूळ कारण असतं : घाई, अपुरी माहिती, दोन टीमांमधला विसंवाद. ते शोधून काढलं तर त्याच जातीचे पुढचे दोष टळतात.

टेस्टिंग आणि डीबगिंग यांत गल्लत करू नये. डायनॅमिक टेस्टिंग बिघाड घडवून आणतं. त्या बिघाडामागचा दोष नेमका कुठे आहे हे शोधणं, त्याचं कारण समजून घेणं आणि तो काढणं हे डीबगिंग. ते सहसा डेव्हलपर करतो. दुरुस्तीनंतर काम पुन्हा टेस्टरकडे येतं.

सात तत्त्वं

अभ्यासक्रमात सात तत्त्वं आहेत. त्यांची यादी पाठ करण्यापेक्षा ती एकमेकांतून कशी निघतात हे पाहिलं, तर ती लक्षात राहतात.

सुरुवात दुसऱ्या तत्त्वापासून करू : सगळं तपासणं अशक्य आहे. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारा साधा प्रोग्रॅम घ्या. त्याला देता येतील अशा जोड्या २ चा ६४वा घात, म्हणजे सुमारे १,८४५ अब्ज कोटी होतात, इथे अब्ज म्हणजे शंभर कोटी. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या, तरी सुमारे ५८४ वर्षं लागतील. तेही फक्त बेरजेला.

सगळं तपासता येत नाही म्हणूनच पहिलं तत्त्व : टेस्टिंग दोष आहेत हे दाखवू शकतं, दोष नाहीत हे सिद्ध करू शकत नाही. एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने हा मुद्दा १९६९ मध्ये रोममध्ये भरलेल्या नाटोच्या सॉफ्टवेअर परिषदेत मांडला होता. तेव्हापासून टेस्टिंगच्या प्रत्येक पुस्तकात तो आहे.

तिसरं, टेस्टिंग लवकर सुरू करावं; कागदावर सापडलेला दोष एका ओळीत सुटतो, ग्राहकाच्या हातात सापडलेल्या दोषाला पत्रक काढावं लागतं. चौथं, दोष सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, थोड्या मॉड्यूल्समध्ये दाटी करतात. म्हणून जिथे चार सापडले तिथे पाचवा शोधावा. पाचवं, त्याच त्या टेस्ट पुन्हा पुन्हा चालवल्या, तर नवे दोष सापडेनासे होतात. बोरिस बायझर यांनी १९९० मध्ये याला कीटकनाशकाची उपमा दिली होती. झूनसाठी रोज रात्री आपोआप चालणाऱ्या शंभर टेस्ट असत्या आणि त्या शंभरही ठरावीक तारखांवर बेतलेल्या असत्या, तर ३६६वा दिवस वर्षानुवर्षं सुटला असता.

सहावं तत्त्व : टेस्टिंग संदर्भावर अवलंबून असतं. गाणी वाजवणारा प्लेयर एक दिवस बंद पडला तर हळहळ होते. ‘थेरॅक-२५’ या कॅन्सरवरच्या किरणोपचार यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होते आणि १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा मिळाली. त्यात मृत्यूही झाले. आधीच्या ‘थेरॅक-२०’ मध्येही त्यातला एक दोष होता, पण तिथे यंत्रातलेच सुरक्षा-अटकाव मात्रा थांबवायचे, म्हणून तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. नव्या यंत्रात ते अटकाव काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली गेली. अशा यंत्राला आणि म्युझिक प्लेयरला एकच टेस्टिंग लावून चालणार नाही.

सातवं तत्त्व अनुभवी लोकही विसरतात. एकही दोष न सापडलेलं सॉफ्टवेअर उपयोगाचं असेलच असं नाही. कागदावरच्या गरजा तंतोतंत पुऱ्या झाल्या का हे पाहणं म्हणजे व्हेरिफिकेशन. वापरणाऱ्याचं काम त्याने होतं का हे पाहणं म्हणजे व्हॅलिडेशन. दोन्ही लागतात.

प्रोग्रॅम न चालवता

झूनचा तो तुकडा आपण आत्ता या पानावर वाचून पकडला. संगणक लागला नाही. यालाच स्टॅटिक टेस्टिंग म्हणतात : प्रोग्रॅम न चालवता गरजांचा कागद, डिझाइन किंवा कोड वाचून दोष शोधणं. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये इन्स्पेक्शनची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तिच्यासह रिव्ह्यूचे चार प्रकार परीक्षेला येतात : अनौपचारिक रिव्ह्यू, लेखक स्वतः वाचून दाखवतो तो वॉकथ्रू, जाणकारांचा टेक्निकल रिव्ह्यू आणि सर्वांत काटेकोर इन्स्पेक्शन. इन्स्पेक्शनमध्ये लेखकाला रिव्ह्यू लीडर किंवा नोंदी घेणारा होता येत नाही.

वाचून दोष कसे सापडतात ते एसटीच्या सवलतींवर पाहू. महाराष्ट्रात ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. समजा, वय टाकल्यावर भाडं आपोआप काढणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे आणि डेव्हलपरला एवढाच कागद मिळाला. टेस्टरचे प्रश्न इथेच सुरू होतात. कालच ७५ पूर्ण झालेला प्रवासी दोन्ही नियमांत बसतो, तर कोणता लावायचा? वय तिकीट काढण्याच्या दिवशीचं की प्रवासाच्या दिवशीचं? सत्तर वर्षांच्या आजींना महिलांची निम्मी आणि ज्येष्ठांची निम्मी मिळून तिकीट फुकट होतं का? बसमध्ये कंडक्टर हे प्रश्न ओळखपत्र बघून क्षणात सोडवतो. प्रोग्रॅमला प्रत्येक प्रश्नाचं एकच उत्तर आधी लिहून द्यावं लागतं.

कुठून कुठे तपासायचं

टेस्टिंगच्या पातळ्या पाच. एकट्या घटकाचं कम्पोनंट टेस्टिंग, घटकांच्या जोडणीचं कम्पोनंट इंटिग्रेशन टेस्टिंग, संपूर्ण सिस्टिमचं सिस्टिम टेस्टिंग, बाहेरच्या सिस्टिमशी जोडणीचं सिस्टिम इंटिग्रेशन टेस्टिंग आणि ग्राहकाच्या स्वीकाराचं ॲक्सेप्टन्स टेस्टिंग. नावं सोपी आहेत; खालची पातळी पास झाली म्हणजे वरची लागत नाही असा समज मात्र महाग पडतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून ‘एरियन ५’ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदाच उडालं. इंजिन पेटल्यावर सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, रॉकेट वाकडं झालं आणि चार ‘क्लस्टर’ उपग्रहांसह फुटलं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर ‘एरियन ४’ वर उत्तम चाललं होतं आणि तेच उचललं होतं. पण एरियन ५ चा आडवा वेग सुरुवातीच्या सेकंदांतच पुष्कळ जास्त वाढतो. त्यावरून निघालेली ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना ती ३२,७६७ ही मर्यादा ओलांडून गेली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं. ती क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडली होती. आणि ज्या गणितामुळे हे घडलं, त्याची गरज उड्डाणाच्या आधीच संपलेली होती.

झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाच्या अहवालात टेस्टरने वाचावी अशी गोष्ट आहे. त्या यंत्रणेच्या गरजांच्या कागदात एरियन ५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच नव्हती. शिवाय संपूर्ण सिस्टिमच्या चाचण्यांत खरी यंत्रणा न जोडता तिची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं. घटक आपल्या कागदाप्रमाणे बरोबरच वागला; कागद जुन्या रॉकेटचा होता.

‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ची कथा जोडणीची. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम धक्क्याचं माप पाउंड-सेकंदात द्यायचा आणि दुसरा ते न्यूटन-सेकंदात आहे असं समजून वापरायचा. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळ गेलं आणि हरवलं. दोन प्रोग्रॅम वेगवेगळे तपासले, तर हा दोष कुणालाच दिसणार नाही. तो त्यांच्या मधल्या फाइलमध्ये राहतो.

मोजक्या टेस्ट कशा निवडायच्या

आता सर्वाधिक गुणांचा भाग. सरावासाठी एक नियम धरू. प्रोग्रॅम ० ते १२० वय स्वीकारतो. ५ पेक्षा कमी मोफत, ५ ते ११ निम्मं, १२ ते ६४ पूर्ण, ६५ ते ७४ निम्मं, ७५ आणि पुढे मोफत. वय पूर्ण वर्षांत.

पहिलं तंत्र इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग. ज्यांना प्रोग्रॅमने सारखं वागवायला हवं अशांचा एक गट करायचा आणि प्रत्येक गटातून एक प्रतिनिधी घ्यायचा. इथे पाच वैध गट आणि दोन अवैध (० पेक्षा कमी, १२० पेक्षा जास्त), म्हणून सात टेस्ट. दोन अवैध गोष्टी एकाच टेस्टमध्ये कधी घालू नयेत. पहिलीवरच प्रोग्रॅमने नकार दिला, तर दुसरी तपासलीच जात नाही.

दुसरं तंत्र बाउंडरी व्हॅल्यू ॲनालिसिस. दोष हद्दीवर राहतात, कारण ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा जास्त’ यांतली गफलत तिथेच होते. दोन-मूल्य पद्धतीत प्रत्येक हद्दीच्या दोन्ही बाजूंची मूल्यं घ्यायची : –१, ०, ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५, १२०, १२१. झाल्या बारा टेस्ट. तीन-मूल्य पद्धतीत प्रत्येक हद्दमूल्य आणि त्याचे दोन्ही शेजारी. त्यामुळे प्रत्येक हद्दीपाशी चार मूल्यं येतात, जसं की ७३, ७४, ७५, ७६. सहा हद्दींच्या एकूण चोवीस. जादा बारा टेस्टचा फायदा काय? वयाला वरची हद्द नसलेला प्रोग्रॅम घ्या. त्यात डेव्हलपरने ‘७५ किंवा जास्त’ ऐवजी ‘७५ असेल तर’ लिहिलं, तर ७४ आणि ७५ दोन्ही पास होतात. ७६ त्याला पकडतो.

तिसरं डिसिजन टेबल, अनेक अटी एकत्र आल्या की वापरायचं. बारा वर्षांवरच्या प्रवाशांसाठी तीन अटी धरा : महिला आहे का, ६५ ते ७४ वय आहे का, ७५ किंवा जास्त आहे का. तीन हो-नाही अटींचे आठ स्तंभ होतात. शेवटच्या दोन अटी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून दोन स्तंभ गळतात आणि सहा उरतात. ६५ ते ७४ मध्ये महिला असो वा पुरुष, तिकीट निम्मंच. ७५ च्या पुढे दोघांनाही मोफत. ते स्तंभ जोडले की चार उरतात. आजींच्या दोन सवलतींचा गोंधळ सहा स्तंभांच्या टेबलमध्ये आपोआप समोर येतो. नुसत्या वयाच्या हद्दी तपासून तो दिसला नसता.

चौथं स्टेट ट्रांझिशन : आधी काय घडलं यावर पुढचं ठरतं तिथे. सिमकार्डचा पिन तीनदा चुकला की सिम पीयूके मागतं. तीन चुका करून बघणं हे कुणालाही सुचतं. टेस्टरने दोन चुका, मग बरोबर पिन, फोन बंद-चालू, पुन्हा दोन चुका असा क्रम लावावा. बरोबर पिनमुळे चुकांची मोजणी शून्यावर यायला हवी. आली नाही तर ग्राहकाचं सिम विनाकारण अडकेल. सगळ्या अवस्थांना भेट दिली म्हणजे सगळे बदल तपासले असं होत नाही, हा फरक परीक्षेत हमखास विचारतात.

ही चारही तंत्रं ब्लॅक-बॉक्स, म्हणजे आत न डोकावता. आत डोकावणारी व्हाइट-बॉक्स तंत्रं दोन : स्टेटमेंट कव्हरेज आणि ब्रँच कव्हरेज. त्यांच्यातला फरक दाखवायला झूनपेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. १० ऑगस्ट २००७ ही साधी तारीख त्या तुकड्याला द्या. वाटेत लीप वर्षं येतात, साधी वर्षं येतात. दोन्ही वजाबाक्या होतात, शेवटी आवर्तन थांबतं. प्रत्येक ओळ चालली, स्टेटमेंट कव्हरेज १०० टक्के. एका टेस्टमध्ये! पण निर्णय तीन आहेत आणि प्रत्येकाच्या ‘हो’ आणि ‘नाही’ मिळून सहा वाटा. त्यांपैकी पाचच चालल्या. ‘दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का?’ याची ‘नाही’ ही वाट राहिली, कारण तिथे एकही ओळ लिहिलेली नव्हती. ती वाट तपासायची तर लीप वर्षात हातात बरोबर ३६६ दिवस असलेली तारीखच द्यावी लागते. म्हणजे ब्रँच कव्हरेज १०० टक्क्यांवर न्यायचा हट्ट धरला असता, तर प्लेयर टेस्टरच्या टेबलावरच गोठला असता. ब्रँच कव्हरेज पूर्ण झालं की स्टेटमेंट कव्हरेज पूर्ण होतंच; उलट होत नाही.

तरीही १०० टक्के ब्रँच कव्हरेज म्हणजे निर्दोष कोड नव्हे. जी गरज कोडमध्ये लिहिलीच गेली नाही, तिची वाटही नसते. म्हणून अनुभवावर बेतलेली तंत्रं हवीत : चुकांचा अंदाज बांधणं, शोधत शोधत तपासणं आणि चेकलिस्ट. तारखांवर काम केलेल्या कुठल्याही टेस्टरच्या चेकलिस्टमध्ये २९ फेब्रुवारी असतोच. लीप वर्षाचा ३१ डिसेंबरही त्याच्या शेजारी लिहून ठेवावा.

दुरुस्तीनंतर

‘प्लेयर चालत नाही’ एवढा बग टाकला, तर ‘माझ्या मशीनवर चालतोय’ हे उत्तर ठरलेलं. चांगला डिफेक्ट रिपोर्ट असा असतो : ‘तारीख ३१ डिसेंबर २००८ असताना प्लेयर सुरू होत नाही. मॉडेल झून ३०. कृती : तारीख ३१ डिसेंबर २००८ ठेवा, बंद करून चालू करा. अपेक्षित : मुख्य मेनू दिसावा. प्रत्यक्ष : लोगोवर गोठतो. ३० डिसेंबर आणि १ जानेवारीला ठीक चालतो.’ शेवटचं वाक्य डेव्हलपरचे तासन्‌तास वाचवतं. त्यासोबत सिव्हिअरिटी, म्हणजे नुकसान किती मोठं, आणि प्रायॉरिटी, म्हणजे दुरुस्ती किती तातडीची. दोन्ही एकच नसतात. जुलैमध्ये सापडला असता, तर या दोषाची सिव्हिअरिटी जबर आणि प्रायॉरिटी मध्यम ठरू शकली असती. २८ डिसेंबरला दोन्ही शिखरावर.

समजा, डेव्हलपरने घाईत ‘३६६ पेक्षा जास्त’ च्या जागी ‘३६६ किंवा जास्त’ केलं. प्लेयर आता गोठत नाही. बग क्लोज करायचा? गणित करून पाहा : ३६६ मधून ३६६ गेले, हातात शून्य, वर्ष एकाने पुढे. ३१ डिसेंबर २००८ ऐवजी प्लेयर २००९ मधला ‘शून्यावा दिवस’ दाखवतो. कन्फर्मेशन टेस्टिंगमध्ये गोठणं थांबलं एवढंच बघून भागत नाही, अपेक्षित उत्तर मिळालं का हे पाहावं लागतं. आणि या बदलाने आधी नीट चालणारं काही मोडलं का हे तपासणं म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग. रिग्रेशन वारंवार करावं लागतं, म्हणून ऑटोमेशनचा पहिला मान त्याचा. टूल्सबद्दल परीक्षेपुरतं एवढं पुरे : टूल टेस्ट चालवतं, कोणती टेस्ट लिहायची हे ठरवत नाही.

जोखीम आणि निर्णय

वेळ अपुरा असतो हे गृहीत धरूनच नियोजन करायचं. प्रत्येक जोखमीचे दोन भाग : घडण्याची शक्यता आणि घडल्यास नुकसान. दोन्हींचा विचार करून क्रम लावायचा आणि वरून खाली तपासत यायचं, म्हणजे काम मध्येच थांबलं तरी महत्त्वाचं तपासून झालेलं असतं. कधी सुरू करायचं त्याच्या अटी आणि कधी थांबायचं त्याच्या अटी आधीच ठरवाव्यात. ‘रिलीजची तारीख आली’ हे थांबण्याचं कारण प्रत्यक्षात असतंच, पण तेव्हा काय राहिलं हे लिहून द्यावं लागतं.

सरावासाठी शेवटचा एक प्रश्न. ठरलेल्या सगळ्या टेस्ट पास झाल्या, सापडलेले दोष दुरुस्त झाले, ब्रँच कव्हरेज ९५ टक्के आहे. टेस्टरने काय कळवावं? (अ) सॉफ्टवेअरमध्ये आता दोष नाहीत. (आ) सॉफ्टवेअर रिलीज करावं. (इ) ठरलेल्या टेस्टमध्ये नवा बिघाड आढळला नाही. न तपासलेले भाग आणि त्यांची जोखीम सोबत दिली आहे. (ई) कव्हरेज १०० टक्के होईपर्यंत रिलीज थांबवावं.

(अ) पहिल्या तत्त्वाने बाद होतो. (ई) ला जोखमीचा आधार नाही. उरलेल्या पाच टक्क्यांत काय आहे हे न पाहता आकडा गाठायचा म्हणजे आकड्यासाठी काम करणं. (आ) मोहात पाडतो, पण धंद्याची घाई, कराराची तारीख, ग्राहकाची सहनशीलता ही माहिती टेस्टरकडे नसते आणि तो निर्णय त्याचा नसतो. उत्तर (इ). त्यात ‘न तपासलेले भाग’ हे शब्द आहेत, आणि तेवढेच लिहायला टेस्टरचे हात सर्वांत जास्त कचरतात. आपण काय सोडलं आणि का सोडलं हे ज्याला नाव घेऊन सांगता येतं, त्याने बाकीचं निवडून तपासलेलं असतं.